टर्बोच्या आधी, मॅडम

बायकोला माझं सगळं ठाऊक आहे. कॉलेजात कुठल्या पेपरला कॉपी केली, कुठल्या मुलीला लिहिलेली चिठ्ठी न देता खिशातच धुतली गेली — सगळं. हे मात्र तिलाही नाही. सांगायला बसलो की मी मध्येच चहा करायला उठतो आणि परत येईपर्यंत विषय बदललेला असतो. आज लिहायलाच बसलोय, आणि चहा आधीच करून ठेवलाय. तेव्हा उठणार नाही — निदान तसा विचार तरी आहे.

तर गोष्ट आहे एका पोलादी कांडीची. पेन्सिलीएवढी असते, मागे वायर लावलेली. ट्रकच्या इंजिनातून धूर बाहेर पडतो तिथे ती बसवायची आणि केबिनमध्ये ठेवलेल्या मीटरवर त्या धुराचं तापमान वाचायचं. प्रोब म्हणतात. माझं काम होतं असल्या कांड्या बसवणं. यात लपवण्यासारखं काय असणार, असं वाटेल तुम्हाला. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

पण आधी अंबुजा मॅडमबद्दल सांगू द्या. टाळतोय असं समजू नका — म्हणजे थोडा टाळतोयच — पण त्या कोण होत्या हे कळल्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. मी कोल्हापूरचा. वडिलांचं उद्यमनगरात लेथचं छोटं शॉप. मी मेकॅनिकल करून चेन्नईला आलो, ट्रकची इंजिनं बनवणाऱ्या एका कंपनीत चाचणी विभागात लागलो. वेलचेरीत तिघा मराठी पोरांबरोबर फ्लॅट. ती तिघं शोळिंगनल्लूरला एसीत बसून कॉम्प्युटर बडवायची आणि मी कंपनीच्या बसने श्रीपेरुंबुदूरच्या पलीकडे जाऊन डिझेलने माखून परत यायचो. आंघोळीला माझा नंबर शेवटचा, हे त्यांनी एकमताने ठरवून टाकलं होतं.

पहिल्याच आठवड्यात शेडच्या मागे उभा राहून मी आईशी मोबाईलवर बोलत होतो. हो, जेवलो, भात होता, चांगला होता, वगैरे. फोन ठेवला तर मागून आवाज आला, "जेवलों म्हणून आईस सांगितलास. जेवला कुठें तू?"

वळून बघतो तर सुती साडी, त्यावर खाकी कोट, पायात सेफ्टी शूज, केसात मोगऱ्याचा गजरा आणि गळ्यात कानाचे मफ लोंबताहेत. ही बाई मराठी बोलते? आणि हे असलं, माझ्या पणजोबांनी बोलावं तसलं मराठी? मला हसू आलं आणि ते मी लपवलंही नाही. त्याही हसल्या. तंजावूरच्या मराठी घरातल्या. घराणं तिकडे जाऊन इतक्या पिढ्या झाल्या की पुणं-मुंबई त्यांना, मला चेन्नई होती तेवढीच परकी. माझं मराठी त्यांना हिंदीत बुडवून काढल्यासारखं वाटायचं. मी 'टेन्शन नाही' म्हटलं की त्या विचारायच्या, हें कोणत्या गावचें मराठी रे? त्या दिवशी त्यांनी त्यांच्या डब्यातला अर्धा दहीभात मला दिला. तेव्हापासून मी त्यांचा 'तंबी', म्हणजे धाकटा भाऊ.

आमच्या विभागात त्या सगळ्यात ज्येष्ठ. इंजिनाच्या उष्णतेचं सगळं गणित त्यांचं. आणि शेडमध्ये एक खेळ चालायचा — इंजिन चाचणीला लावलं की कुणीतरी ओरडायचं, मॅडम, एव्वळव? किती? मॅडम मान तिरकी करून दोन-चार प्रश्न विचारायच्या, डिझेल किती सोडलंय, बाहेर ऊन कसं आहे, मनात हिशोब करायच्या आणि आकडा सांगायच्या. मग सगळे मीटरभोवती जमायचे. इंजिन तापत जायचं, काटा चढत जायचा, आणि मॅडमच्या आकड्याशेजारी येऊन थांबायचा. जो काही आरडाओरडा व्हायचा! वेल्डर, फोरमन, कँटीनचा माणूस, सगळे. त्या कधी मिरवायच्या नाहीत, पण त्या क्षणी गजरा उगाच सारखा करायच्या. तेवढाच काय तो गर्व.

आणि आकडा चुकला तर? क्वचित चुकायचा. मग त्या सगळ्यांसमोर म्हणायच्या, माझं चुकलं, मीटर बरोबर. आणि कुठे चुकलं ते शोधून दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगायच्या. मी इतका मोठा माणूस तोवर बघितला नव्हता, खरंच सांगतो. आमच्या वडिलांनी लेथवर जॉब बिघडवला तर दोष लोखंडाचा असायचा. मॅडमना मापापुढे स्वतःचं काहीच नव्हतं. जे मोजलं ते आपल्यापेक्षा मोठं — इतकं साधं. मी त्यांच्यासारखं व्हायचं ठरवलं होतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी जे केलं ते त्यांचा राग होता म्हणून नाही केलं. त्यांच्या डोळ्यात लहान होऊ नये म्हणून केलं.

झालं असं. कंपनीने इंजिनाला जास्त डिझेल देणारी नवी सेटिंग काढली. ताकद वाढली, विक्रीवाले खूश. मॅडम एकट्या म्हणाल्या, नको. भरलेला ट्रक लांब घाट चढेल तेव्हा धूर सातशे तीस डिग्रीपर्यंत तापेल, आणि सातशेच्या वर टर्बो टिकणार नाही. टर्बो म्हणजे त्या धुराच्याच जोरावर फिरणारं एक चाक, ते इंजिनात हवा ढकलतं. बैठकीत बरीच गरमागरमी झाली. शेवटी ठरलं — तोप्पूरच्या घाटात वाळूच्या गोण्या भरून ट्रक चढवायचा आणि मोजायचं. जे येईल ते मान्य. आणि मॅडम म्हणाल्या, प्रोब तंबी बसवेल.

कसा बसवायचा तेही त्यांनीच मला शिकवलं होतं. इंजिनातून धूर ज्या ओतीव नळ्यांतून एकत्र येतो, तो मॅनिफोल्ड, तो आख्खा खोलून बाहेर काढायचा. जागेवर भोक पाडायचं नाही, लोखंडाची बुकणी टर्बोत जाते. बाहेर काढून, ड्रिलला ग्रीस फासून भोक पाडायचं, टॅपने आटे पाडायचे, साफ करायचं, कांडीचं टोक बरोबर धुराच्या मधोमध येईल असं बसवायचं. आणि हे सगळं टर्बोच्या आधी. कारण टर्बो फिरवताना धुराची उष्णता खर्च होते, पलीकडे मोजलं तर शंभर-सव्वाशे डिग्री कमीच दिसणार. म्हणजे एक दिवसाचं काम. नीट केलं तर.

मला पुरेसे दिवस होते. पण फ्लॅटमधली तिघं दोन मोटरसायकलींवर महाबलीपुरमला निघाली होती, आणि मी म्हटलं, होईल की आयुधपूजेच्या दिवशी. आमच्याकडे त्याच दिवशी, खंडेनवमीला, वडील पान्यांना, लेथला हळदकुंकू वाहायचे, नारळ फोडायचे, पेढा तोंडात टाकायचे आणि अर्जंट जॉब असला तर दुपारी त्याच पान्याने काम सुरू. मी समजलो, इकडेही तसंच. तमिळनाडूत दोन वर्षं राहून हा माझा हिशोब. आदल्या वर्षी त्या दिवशी मी कोल्हापूरला होतो, मग कळणार कसं?

सकाळी शेडमध्ये गेलो तर एका लांब टेबलावर पांढरं कापड अंथरून सगळी हत्यारं मांडलेली. ड्रिल मशीन, टॅप, पाने, झाडून सगळी, चंदन-कुंकवाची बोटं लावून, वर झेंडूच्या माळा. पूजा झाली, फाटकावर कोहळा फोडला, पोरी-कडलै वाटली — म्हणजे चुरमुरे आणि डाळं. मी खात खात फोरमनला म्हटलं, आता ड्रिल घेऊ का? त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी देवाच्या हातातलं त्रिशूळ उसनं मागितलंय. ही हत्यारं आज विश्रांती घेतात. उद्या विजयादशमीला सकाळी पुन्हा पूजा, मग उचलायची. त्याआधी हात नाही लावायचा, कुणीच नाही. आणि उद्या सकाळी पूजा झाल्या झाल्या ट्रक निघणार होता.

माझी पाचावर धारण बसली. मॅडमकडे जाऊन सांगायचं होतं फक्त — काम राहिलं, मी फिरायला गेलो होतो, ट्रक दोन दिवस थांबवा. त्या रागावल्या असत्या का? मला नाही वाटत. "बरें, परवा जाऊं" म्हणाल्या असत्या. मी आजही त्यांच्या आवाजात ते ऐकू शकतो, इतका सोपा होता तो मार्ग.

सगळे जेवायला गेले. शेडमध्ये चंदनाचा वास, फाटकाशी फुटलेल्या कोहळ्यावर माशा. टर्बोच्या पुढच्या पाईपला, म्हणजे टर्बोच्या नंतर, मागच्या कुठल्याशा चाचणीचं एक भोक आधीच होतं, बूच लावून बंद केलेलं. आटेही तेच. त्या दिवशी मी माझ्या स्कूटरवर आलो होतो; तिच्या डिकीत एक पाना होता — त्याची पूजा कुणी केली नव्हती. मी बूच काढलं, कांडी बसवली. दहा-पंधरा मिनिटांत आटोपलं. मग आग न लागणारी काचेच्या धाग्यांची पट्टी असते ती घेतली आणि टर्बो, पाईप, सगळं गुंडाळून टाकलं. उष्णतेपासून वायर वाचावी म्हणून पट्टी गुंडाळतातच. मी जरा जास्त गुंडाळली. वायर कुठून येते ते दिसू नये इतकी.

बघा, इथे 'चुकून' हा शब्द कुठेच बसत नाही. मी बसवून पाहिला आहे.

दुसऱ्या दिवशी चाकांखाली लिंबं ठेवली. ट्रक निघण्याआधी मॅडम बॉनेटपाशी आल्या. बोटाने पट्टी चाचपली आणि विचारलं, "टर्बोच्या आधीं ना रे?"

"टर्बोच्या आधी, मॅडम."

त्या वाकून बघू शकल्या असत्या. पट्टी सोडायला लावू शकल्या असत्या, कुणी दुसऱ्याने बसवलं असतं तर लावलीही असती. पण मी बसवलं होतं.

तोप्पूरला त्या घाटात, मागे वाळू, पुढे उभा चढ, ड्रायव्हर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, आणि मीटर सहाशे दहाच्या पुढे जाईना. मी ते बघत होतो आणि मला काय वाटलं माहीत आहे? बरं वाटलं. सातशेच्या बरंच खाली आहे, मग यात शंभर मिळवले तरी फार तर काठावर येईल, मॅडमचा आकडा जरा जास्तच होता, कुणाचं काय बिघडलं — अशी बेरीज-वजाबाकी करत मी परत आलो.

बैठकीत मॅडमनी तो सहाशे दहा बराच वेळ बघितला. विक्रीवाला साहेब खुर्चीत मागे रेलून हसत होता. मॅडम उठल्या आणि इंग्रजीत सगळ्यांना म्हणाल्या की माझा हिशोब चुकला, गाडीने खरं सांगितलं, माझा विरोध मी मागे घेते. बाहेर आल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बेस बसवलास रे." सेटिंग मंजूर झाली. त्याच महिन्यात मीही नोकरीत कायम झालो.

इथवरचं पाप एका बेजबाबदार पोराचं म्हणून सोडून देता येईल कदाचित. पण अजून संपलेलं नाही. चहा संपला, तो भाग वेगळा.

नेहमीप्रमाणे मॅडम आपली चूक शोधायला बसल्या. आणि ती सापडेना. सापडणार कशी? नव्हतीच. रोज जेवणाच्या सुट्टीत त्या ते गणित पहिल्यापासून मांडायच्या आणि मला मदतीला बोलवायच्या. चांगल्या नजरेचा माणूस हवा म्हणायच्या. मी त्यांच्यासमोर बसून, त्यांनी दिलेला दहीभात खात, नसलेली चूक त्यांच्याबरोबर शोधली. एकदा म्हणालोसुद्धा, की हवेचा दाब तुम्ही जरा जास्त धरलाय का? त्यांनी तेवढ्यासाठी पुन्हा पहिल्यापासून हिशोब केला.

पुढे एके दिवशी त्यांनी ते सोडून दिलं. त्यानंतर शेडमध्ये कुणी 'एव्वळव?' ओरडलं की त्या हसून म्हणायच्या, मीटर आहे की, बघा. लोकांनी थोडे दिवस गळ घातली. हळूहळू विचारणं बंद झालं. नवीन आलेल्यांना तर असा काही खेळ होता हेच माहीत नव्हतं. त्यांच्याजवळचं ते एक होतं, मान तिरकी करून आकडा सांगणं, ते गेलं. मी एकदा त्यांना विचारलं, का हो सांगत नाही? तर म्हणाल्या, "कुठें चुकलें तेंच कळत नाही, असल्या हिशोबावर कसें बोलूं?"

वर्ष झालं असेल, आणि त्या सेटिंगच्या गाड्यांचे टर्बो जाऊ लागले. घाटावरून तक्रारी आल्या. ठरलं असं, की ड्रायव्हर बेसुमार माल भरतात. मॅडमनीही तेच मानलं, कारण तापमान तर मोजलेलं होतं — माझ्या हाताने. माझी झोप उडाली ती तेव्हा. ब्रेकच्या चाचणीसाठी तशीच एक भरलेली गाडी तोप्पूरला जाणार होती. मी रजेच्या दिवशी येऊन तिचा मॅनिफोल्ड खोलला, ग्रीस फासून भोक पाडलं, आटे पाडले, कांडीचं टोक मधोमध आणलं. सगळं त्यांनी शिकवल्याप्रमाणे. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात सुरेख काम असेल. आणि घाट चढताना ड्रायव्हरशेजारी बसून मीटर बघितलं.

सातशे सव्वीस.

बाईंनी ते कागदावर, पंख्याखाली बसून, नुसत्या डोक्याने काढलं होतं! चार डिग्रीचा फरक. घाट उतरतानाही मी ड्रायव्हरकडे बघून हसत होतो, त्याला वाटलं ब्रेक चांगले लागले. इतका अभिमान मला माझ्या स्वतःच्या कुठल्याच गोष्टीचा वाटला नाही. वाटलं, गाडी थांबवावी आणि फोन करून ओरडावं — मॅडम, तुमचा आकडा! तुमचाच आकडा!

फोन खिशात होता. परत आलो, कांडी काढली, भोकाला बूच लावलं. कुणाला काही बोललो नाही. पुढे टर्बोच्या तक्रारी फारच वाढल्या तशी डिझेल कमी करून सेटिंग बदलली गेली, मग धुराचे नवे नियम आले आणि ते इंजिनच बंद झालं. कुणालाही काही सापडलं नाही. माल जास्त भरल्याचा ठपका त्या ड्रायव्हरांवर राहिला तो राहिलाच.

आणि मॅडम दर वर्षी नवीन मुलांच्या प्रशिक्षणात माझी गोष्ट सांगायच्या. 'अस्क्यांकु नमस्कार' म्हणून माझ्याकडे बघून हसायच्या — म्हणजे सगळ्यांना नमस्कार, त्या खोलीत ते मला एकट्यालाच कळायचं — आणि मग इंग्रजीत सुरू. मला माझ्या गणिताची फार खात्री होती, आणि या मुलाच्या एका कांडीने मला खाली बसवलं. मापापुढे कुणी मोठं नाही, तुम्हीही नाही, मीही नाही. मुलं माझ्याकडे कौतुकाने बघायची. मी मान खाली घालायचो. विनयशील आहे असं त्यांना वाटायचं.

मॅडम निवृत्त झाल्या तो दिवस. शेडमध्येच निरोप समारंभ ठेवला होता, हार, बिर्याणी, तंजावूरहून आलेली बहीण. शेजारी नवं इंजिन चाचणीला लावलेलं. म्हाताऱ्या वेल्डरला काय आठवलं कोण जाणे, तो एकदम ओरडला, "मॅडम, एव्वळव?" जुनी माणसं सगळी टाळ्या पिटायला लागली. एकदा! शेवटचं एकदा!

मॅडमची मान तिरकी झाली. मी बघितलं. ओठ हलले, इंजिनाकडे बघत त्या हिशोब करत होत्या, आकडा त्यांच्या तोंडाशी आला होता, नक्की. मग त्यांनी मान सरळ केली, हसल्या आणि माझा दंड धरून मला पुढे ओढलं. मला नको, ह्याला विचारा, असं काहीतरी तमिळमध्ये सगळ्यांना म्हणाल्या, आणि मला हळूच, "सांग रे."

तेव्हाही वेळ होती. सगळे तिथे होते.

मी त्यांच्या पद्धतीने हिशोब केला. जुन्या, तोप्पूरच्या आधीच्या. तीच बरोबर आहे हे त्या शेडमध्ये फक्त मला माहीत होतं, आणि इतकी वर्षं मी ती गुपचूप वापरत आलो होतो. म्हटलं, सहाशे ऐंशी.

काटा चढत गेला आणि सहाशे अठ्ठ्याहत्तरवर थांबला. काय तो आरडाओरडा! वेल्डरने मला उचललंच. आणि मॅडम, गळ्यात हार, डोळ्यात पाणी, सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवत होत्या, माझ्यासाठी.